ठिणग्यांचं वाटप

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझी जुनी पेट्रोल जीप कित्येक वर्षं बंद उभी होती. दर दसऱ्याला शेजारच्या गाड्यांबरोबर तिलाही झेंडूचा हार मिळे. मग तो वाळून गळून पडेपर्यंत तिच्याकडे कोणी पाहत नसे. निवृत्तीच्या दिवशी सत्कार झालेल्या माणसाचंही साधारण असंच होतं.

त्या पावसाळ्यात मुळशीकडच्या एका रिसॉर्टचे मालक कोणा नातेवाइकाकडे आले आणि जीपपाशी थबकले. सोसायटीत चौकशी करून थेट आमच्या दारात आले.

"सर, हिला गेटवर चौथरा बांधून चढवतो. बॉनेटमध्ये माती भरून फुलझाडं लावायची. काय लूक येईल! एकदम हेरिटेज."

"ती बंद आहे," मी म्हणालो.

"बंद हाय तेच बरं हाय. चोरीला जायची भीती नाही."

जाताना त्यांनी कार्ड दिलं. दोन पोस्टकार्डं एकमेकांना चिकटवल्याइतकं जाड, सोनेरी उठावाच्या अक्षरांचं आणि कोपऱ्यात फेटा बांधलेला फोटो असलेलं. दसऱ्याला मुहूर्तावर येऊन पक्कं करू, असं सांगून ते गेले.

बायको बँकेत शाखाधिकारी होती. मुदतवाढ हा शब्द तिनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडूनच ऐकला. "अहो, ही जीप आहे की आठवण?" तिनं विचारलं.

"जीप."

"मग दसऱ्याला ते आले की चालवून दाखवा. चालली तर राहील. नाहीतर कुंडी होईल."

पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत होतं, बॅटरी नवी घातली होती. दुखणं डिस्ट्रिब्यूटरमध्ये आहे हे मला पहिल्या दिवशीच कळलं. डिस्ट्रिब्यूटर म्हणजे चारही सिलिंडरना पाळीपाळीनं, नेमक्या क्षणी ठिणगी वाटून देणारा मुठीएवढा डबा. सभेत हार कोणी कोणाला कधी घालायचा हे ठरवणारा निवेदक असतो, तसाच. हा फक्त दोन ठिणग्यांच्या मध्ये शेर ऐकवत नाही.

तो काढून मी जेवणाच्या टेबलावर आणला आणि खाली वर्तमानपत्र पसरलं. पान नेमकं एका नेत्याच्या वाढदिवसाच्या जाहिरातीचं निघालं. शुभेच्छुकांच्या रांगोळीसारख्या फोटोंवर मी एकेक भाग काढून ठेवत गेलो. झाकणाला आतून केसासारखा तडा गेला होता. उघडझाप करून ठिणगी पाडणारे पॉइंट जळून खडबडीत झाले होते. पण खरा दोष मधल्या दांड्यात होता. तो ज्या पितळी बुशात फिरतो, तो बुश झिजून दांडा हलत्या दातासारखा डुगडुगत होता. दांडा असा डुलला की पॉइंटमधली फट दर फेरीला वेगळी, आणि फट वेगळी की ठिणगीची वेळ वेगळी.

मला माणसांच्या बाबतीत इतकं स्पष्ट निदान कधीच करता आलं नाही. यंत्रांच्या बाबतीत येतं, म्हणून मी त्यांच्यात रमतो.

झाकण, पॉइंट आणि कंडेन्सर नाना पेठेत मिळाले. बुश मात्र करून घ्यावा लागणार होता. तिथल्याच एका बोळात लेथ चालवणारे एक चाचा आहेत. माझ्याच वयाचे आणि माझ्याइतकेच स्वतःवर खूश. त्यांनी दांडा हातात घेऊन हलवला.

"हा कशाला जगवताय? नवा अख्खा सेट ऑनलाइन मिळतो. पॉइंट नाही, कटकट नाही."

"कटकट नको असती तर जीप कशाला ठेवली असती?"

"मग बरोबर जागी आलात," ते म्हणाले आणि लेथ सुरू केला.

बुश सुरेख झाला. दांडा मात्र त्यात अडकून फिरू लागला.

"घट्ट झालाय चाचा."

"फिरून फिरून सैल होईल. माणूसही होतोच ना."

"माणूस सैल झालेला चालतो. हा नाही चालत."

चाचा हसले. हसत हसतच त्यांनी आतून पुन्हा हलका हात मारला. आता दांडा बोटानं फिरवला की तेलातून फिरल्यासारखा जाई आणि आडवा ढकलला तर हलत नसे. वेगाबरोबर ठिणगी थोडी आधी पाडणारी दोन छोटी वजनं आणि त्यांच्या स्प्रिंगा मी घरी रॉकेलमध्ये धुतल्या, सगळं परत जुळवलं, आणि दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी स्टार्टरवर पाय दिला. इंजिन खोकलं, मग लागलं. काही मिनिटं चालवून मी ते बंद केलं आणि विजयी मुद्रेनं जेवायला गेलो.

दसऱ्याच्या सकाळी ते लागलं नाही.

झाकण काढून पाहिलं. पॉइंट धरून ठेवणारा स्क्रू सैल राहिला होता आणि फट मिटली होती. दोन मिनिटांचं काम. स्क्रूड्रायव्हर आणि फट मोजायच्या पात्या घ्यायला घरात गेलो, तर माझी सगळी अवजारं देवघरापुढे पाटावर मांडलेली, हळदकुंकू वाहिलेली, वर आपट्याची पानं.

"पूजेतलं आज उचलायचं नाही," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

"अगं, ते तासाभरात येताहेत!"

"कल्पना आहे."

"सुरी तरी दे."

"सुरी आणि विळी दोन्ही पाटावर आहेत."

मी घरभर फिरलो. नेलकटरला तिनं शस्त्राचा दर्जा दिला नव्हता. त्याच्या कानशीचं टोक स्क्रूच्या खाचेत बसलं. राहिली फट. ती किती हवी हे बोटांना पाठ होतं, पण तेवढ्या जाडीचं काही हवं होतं. फ्रिजवर चुंबकाखाली रिसॉर्टवाल्यांचं ते जाड कार्ड लावलेलं होतं. अक्षरं नसलेला कोपरा चिमटीत धरून पाहिला आणि मला माझ्या पाहुण्यांविषयी प्रथमच आदर वाटला.

पंख्याचा पट्टा ओढून इंजिन थोडं फिरवलं, पॉइंट पूर्ण उघडले तिथे थांबवलं, मध्ये कार्ड धरलं, स्क्रू आवळला. कार्ड किंचित अडत बाहेर आलं. फेट्याला थोडं ग्रीस लागलं. झाकण लावून स्टार्टर दाबला आणि इंजिन असं संथ, सारखं चालू लागलं की बॉनेटवर ठेवलेला चहाचा कपही कुरकुरला नाही.

मालक आले तेव्हा ते चालूच होतं. त्यांनी मोकळेपणानं कौतुक केलं, जीपभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "चालू असली तरी आपली काही हरकत नाही. इंजिन उतरवून ठेवू."

मी काही बोलायच्या आत बायको पुढे झाली.

"तुमच्या हॉटेलात आचारी आहे ना?"

"हाय की, मॅडम."

"त्याला उतरवून नुसती टोपी ठेवली तर चालेल?"

ते मनापासून हसले. "आचारी तसाबी जायचं म्हणतोय," ते म्हणाले. सोनं दिलं, घेतलं आणि दुसरी एखादी बंद जीप कळली तर सांगा, असं म्हणून आपल्या भल्यामोठ्या गाडीतून निघून गेले.

बायको आत गेली ती पिशवी घेऊनच आली आणि डाव्या सीटवर बसली. "चला, श्रीखंडाला रांग लागली असेल. आणि दुकानासमोर इंजिन चालूच ठेवा."

"का? विश्वास नाही?"

"तुमच्यावर आहे. जीपवर बसायचाय अजून."

दुकानासमोर मी मुद्दाम किल्ली काढून घेतली. रांग मोठी होती, इंजिनाला गार व्हायला भरपूर वेळ मिळाला. बायको डबा घेऊन आली, तो मांडीवर नीट धरला आणि समोर बघत राहिली. मी किल्ली लावली, स्टार्टरवर पाय दिला. पहिल्याच फेरीला इंजिन लागलं.

"रस्त्याकडे बघा," ती म्हणाली. मी तिच्याकडे बघत होतो.