चौसष्टावीचा पत्ता

तिला सगळे तिसरी म्हणतात. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळं आहे, पण ते मी इथे लिहीत नाही. लिहिलं, तर हे वाचणाऱ्या निम्म्या घरांतून कुणीतरी "काय गं?" म्हणून मान वर करील, इतकं ते सर्रास नाव. शाळेत तिच्या वर्गात त्याच नावाच्या चौघी होत्या. हजेरी घेताना जीभ दमायला लागली तेव्हा बाईंनी पहिली, दुसरी, तिसरी, चौथी असे नंबरच वाटून टाकले. पुढे पहिली डॉक्टर झाली, दुसरी लग्न करून लांब गेली, चौथीचं काय झालं कुणालाच ठाऊक नाही. त्यांचे नंबर गळून पडले. हिचा चिकटला. चिकटवण्याचंच काम नशिबी असल्यामुळे असेल.

एकतीस वर्षं ती आमच्या सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकबांधणी करते. मुख्य दालनाच्या मागे, जिन्याच्या पोटात तिची खोली आहे. छत तिरकं, त्यामुळे नवा माणूस आत शिरला की आधी त्याच्या कपाळाचा आवाज येतो आणि मग नमस्कार. लांब टेबल, त्यावर पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, खळीचं पातेलं, चार आकारांची दाभणं आणि मेणाचा गोळा. शिवायचा दोरा त्या गोळ्यावरून दोनदा ओढला की पन्नास वर्षं तुटत नाही, असं ती सांगते. पन्नास वर्षांनी तपासायला या, असंही सांगते.

टेबलामागे भिंतीला एक फळी आहे, आणि ही गोष्ट त्या फळीची आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी एक पुस्तक तिच्याकडे दुरुस्तीला आलं. पाठ सुटलेली, कोपरे उंदरांनी चाखलेले. लिहिणारी बाई घड्याळं दुरुस्त करायची आणि तिचं नाव होतं तिसरीचं. तिसरी तेव्हा पुस्तकं वाचत नसे, शिवत असे. हे मात्र शिवता शिवता तिने वाचलं. आपल्या नावाची बाई घड्याळाच्या पोटात बोटं घालते, हे वाचताना तिला म्हणे आपल्याच बोटांकडे बघावंसं वाटलं. मग तिने हातातली सगळी कामं बाजूला सारून ते पुस्तक असं काही बांधलं, की त्यानंतर ते दालनात परत पाठवायला तिचा हात होईना. तेव्हाच्या ग्रंथपालांनी विचारलं तर म्हणाली, खळ वाळतेय.

ती खळ सव्वीस वर्षं वाळत होती.

कारण त्यानंतर त्या नावाचं जे पुस्तक फाटून आलं, मग ते त्या नावाच्या बाईने लिहिलेलं असो नाहीतर त्या नावाच्या बाईबद्दल असो, ते "आपल्यातली आहे" म्हणून आधी दुरुस्त व्हायचं आणि फळीवर जाऊन बसायचं. एक राणी आहे, तिच्या शेजारी जहाजावरची स्वयंपाकीण. आजारपणात चाळीस दिवस गादीवर पडून डायरी लिहिणारी शाळकरी मुलगी आहे. तुरुंगात बसून भरतकामावर पुस्तक लिहिणारी एक आहे. तिने नेमकं काय केलं होतं ते पुस्तकात कुठेच नाही, पण टाके अप्रतिम आहेत. एकमेकींना कधी न भेटलेल्या, वेगवेगळ्या शतकांतल्या बायका, खांद्याला खांदा लावून उभ्या. त्या फळीसमोर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा माझा आवाज आपोआप खाली आला. देवळात येतो तसा.

कागदोपत्री ही सगळी पुस्तकं "दुरुस्तीखाली". म्हणजे मोजणीत धरायची नाहीत आणि कुणाला द्यायची नाहीत. प्रत्यक्षात तिसरी ती द्यायची, पण एका अटीवर. तिथे बसून कुणीही वाचा. घरी न्यायचं तर नाव तेच पाहिजे. आमचे पोस्टमास्तर एकदा म्हणाले, माझ्या बायकोचं नाव तेच आहे. मग बायकोला पाठवा, तिसरी म्हणाली. दुसऱ्या दिवशी बायको आली, तिने निवांत तीन पुस्तकं निवडली आणि पोस्टमास्तर पिशवी धरून दाराशी उभे राहिले. माझ्या सुदैवाने माझ्या मावशीचं नाव तेच आहे. तिच्या चष्म्याआडून मी बरीच फळी वाचली.

पुस्तक नेणारीने मागच्या चिठ्ठीवर सही करायची. त्या चिठ्ठ्या एकदा बघाव्यात. वरपासून खालपर्यंत एकच नाव. कुठे थरथरतं, कुठे डॉक्टरी घाईतलं, कुठे नुकतं लिहायला शिकलेल्या मुलीने जीभ बाहेर काढून गिरवलेलं. तेच नाव चाळीस चाळीस वेळा, आणि दोनदा सारखं नाही.

सगळ्यात जास्त सह्या होत्या फळीवर आलेल्या चौथ्या पुस्तकावर. त्यातली मुलगी मिठागरात वाढते. अनवाणी पायांनी मिठाचे ढीग ओढते, होडीच्या दोरात सापडून तिची डावी करंगळी जाते, आणि सोळाव्या वर्षी ती कुणाला न सांगता बोटीत चढते. हे पान एकशे बारा. पान एकशे तेरावर ती डोंगरातल्या गावात, बर्फात, सुईण आहे, चाळिशीची. मधली चोवीस वर्षं समोरासमोरच्या दोन पानांमध्ये गडप. सांगण्यासारखी नसतील ती वर्षं, असं म्हणून बायका डोळे पुसायच्या. माझ्या मावशीला एकच शंका होती. सुईण झाल्यावर ही बाई नाळ बांधताना दहाही बोटं मोजून दाखवते. "करंगळी परत आली कशी?" असं तिने तिसरीला विचारलं होतं. तिसरी म्हणाली, इतक्या वर्षांत माणूस विसरतो. मावशी म्हणाली, मी चष्मा कुठे ठेवला ते विसरते, बोटं किती ते नाही.

तर, यंदा नव्या ग्रंथपालबाई आल्या. वयाने तिसरीच्या मुलीएवढ्या, कानावर पेन्सिल, आणि आल्या आल्या पूर्ण मोजणी. जिन्याखालच्या खोलीतही त्या आल्या, कपाळ शाबूत ठेवून. माणूस बारकाईने बघणारा आहे हे तिथेच कळलं. त्यांनी फळी पाहिली, नोंदवही पाहिली, एक पुस्तक काढून उलटसुलट केलं.

"ताई, यात दुरुस्त करायचं काय राहिलंय?"

तिसरीने बरंच शोधलं आणि सांगितलं, जरा कडा.

बाई हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. पुस्तकं विषयवार लागतात, लेखिकेच्या पहिल्या नावावर लावायची पद्धत जगात कुठे नाही. राणी इतिहासात जाईल, घड्याळवाली यंत्रविद्येत, स्वयंपाकीण पाककलेत, भरतकाम हस्तकलेत. महिनाअखेरीस तिसरी निवृत्त होते आहे. त्यानंतर या फळीचा हिशोब कोण देणार? शनिवारी सगळी दालनात हलवू. आणि हो, "दुरुस्तीखाली" अशा नोंदी चौसष्ट आहेत. फळीवर पुस्तकं त्रेसष्ट.

तिसरीचा चेहरा पडला तो या शेवटच्या वाक्याला. एकतीस वर्षांत तिच्या खोलीतून चिटोरं हरवलं नव्हतं. फळी वाचवायला ती भांडेल असं मला वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "न्या. पण एक जण हरवलेली असताना मी बाकीच्यांना घराबाहेर काढणार नाही. आधी ती सापडू दे."

बाईंनी शनिवारपर्यंत मुदत दिली.

पुढचे तीन दिवस तिसरीने खोली उलथीपालथी केली. शिकंजा हलवला, कापडाचे तागे उलगडले. जिन्याखाली तिला बांधणी शिकवणाऱ्या उस्तादांची चंची सापडली, त्यात पंधरा वर्षांपूर्वीची सुपारी सापडली, पुस्तक नाही. पोस्टमास्तरांच्या घरी निरोप गेला, तिथे कपाटं रिकामी झाली. माझ्या मावशीने तर माझ्याच घराची झडती घेतली.

शुक्रवारी दुपारी तिसरीने जुनी नोंदवही मागून घेतली. हरवलेल्या पुस्तकाची ओळ तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. नोंदीत पुस्तकाचं नाव, पुढे दोन शब्दांत विषय. चौथ्या पुस्तकासमोर लिहिलं होतं: मिठागरातलं बालपण. हरवलेल्यासमोर: सुईणीच्या आठवणी.

ती स्टुलावर बसली ती उठेचना.

बांधणीकामात एक रोजची युक्ती असते. एकाच पुस्तकाच्या दोन फाटक्या प्रती आल्या, तर एकीचा चांगला पुढचा भाग आणि दुसरीचा चांगला मागचा भाग घेऊन एक धड प्रत बांधायची. उरलेला कागद वाया जात नाही. त्याच्या पट्ट्या कापून इतर पुस्तकांच्या पाठीला आतून चिकटवतात, म्हणजे कणा ताठ राहतो. सव्वीस वर्षांपूर्वी अशाच दोन प्रती आल्या होत्या. कव्हरं गेलेली, आकार एक, छापखाना एक, टाइप एक, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर तेच नाव. एकीची शेवटची पानं ओलीने खाल्लेली, दुसरीची सुरुवातीची. एकशे बारापर्यंत ही चांगली, एकशे तेरापासून ती. न वाचणाऱ्या बांधणीवालीला आणखी काय हवं? तिने एक धड पुस्तक शिवलं. ते दोन बायकांचं होतं.

आणि उरलेला कागद? त्या पट्ट्यांच्या माथ्यावर नाव होतं म्हणून तिने त्या निराळ्या डब्यात जपून ठेवल्या, आणि फळीवर पुढे येणाऱ्या प्रत्येक पुस्तकाला त्यातल्याच लावल्या. पहिली चार सोडून सगळ्यांना. एकोणसाठ.

तिने राणीच्या पुस्तकाची पाठ अलगद सोडवली. आत, वाळक्या खळीखाली, एक ओळ होती: "बोट निघाली तेव्हा किनाऱ्यावर फक्त कुत्रा होता." मिठागरातली मुलगी पुढे कुठे गेली, ते राणीच्या कण्यात होतं. मग तिने स्वयंपाकिणीची पाठ सोडवली. तिथे सुईणीचं लहानपण, दोन ओळी. तिसरं पुस्तक तिने हातात घेतलं आणि तसंच ठेवून दिलं. सव्वीस वर्षं ती ज्या फळीला पाठ लावून काम करत होती, ती फळी आतून एकमेकींना धरून उभी होती.

शनिवारी सकाळी ग्रंथपालबाई हातगाडी घेऊन आल्या. तिसरीने सगळं सांगितलं. आपली चूक आहे, आणि ती निवृत्तीच्या कागदावर लिहिली तरी चालेल, हेही सांगितलं. बाईंनी आधी नोंदवही पाहिली. मग राणीच्या उघड्या पाठीतली ओळ वाचली. एकदा, आणि पुन्हा एकदा. मग त्यांनी फळीकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच कानावरची पेन्सिल काढून हातात घेतली.

"या पट्ट्या परत काढता येतील?"

"येतील. एकोणसाठ पुस्तकं फोडावी लागतील."

"म्हणजे चौसष्टावं पुस्तक हरवलेलं नाही."

"नाही. इथेच आहे. पण सगळ्या जणी इथे असल्या तरच आहे."

बाईंनी नोंदवही पुन्हा हातात घेतली. त्या नियमाच्या बाई, आणि नियम असा की उपलब्ध पुस्तक मोजणीतून वगळता येत नाही, त्याची जागा नोंदवावी लागते. त्यांनी वही टेबलावर ठेवली, आणि ठळक, सावकाश अक्षरात लिहिलं: "क्रमांक चौसष्ट: उपलब्ध. काही भाग क्रमांक चारमध्ये, बाकी एकोणसाठ पुस्तकांच्या पाठींत. सबब ही फळी एकत्र ठेवावी, विभागू नये." खाली सही केली. "दुरुस्तीखाली" हा शब्द मात्र त्यांनी खोडला, आणि तिसरीला म्हणाल्या, "आता तरी खळ वाळली असं समजू."

हातगाडी रिकामी परत गेली. जाताना बाईंचं कपाळ आपटलं.

मावशीला मी हे सगळं सांगितलं तेव्हा ती चहा गाळत होती. गाळणी तशीच हातात धरून ती उभी राहिली. "म्हणजे करंगळी परत आली नव्हती," ती म्हणाली. "दुसरीने आपली दिली होती."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी तिसरीने राणीची आणि स्वयंपाकिणीची पाठ पुन्हा बंद केली, त्याच पट्ट्या आत ठेवून. खळ वाळेपर्यंत थांबली. या वेळी खरंच. मग चौथं पुस्तक काढलं आणि मागची चिठ्ठी उघडली. इतक्या वर्षांत ते तिने कधी घरी नेलं नव्हतं, त्यामुळे सही करायचा प्रश्नच आला नव्हता. चिठ्ठीवर बेचाळीस सह्या होत्या. तिने पेन घेतलं, नंबर नाही, नाव लिहिलं, अगदी जपून, ओळ धरून. आणि पुस्तक छातीशी धरून, तिरक्या छताखाली वाकून बाहेर पडली.