तळ्यातली जलपर्णी, शेगडीवरची भाकरी

वंदनाने गावच्या तळ्याचा फोटो पाठवला तेव्हा मी लगेच "किती सुंदर" असं लिहून मोकळी झाले. जांभळी फुलं, हिरवीगार पानं. तिचा उलट फोन आला. सुंदर कसली, ती जलपर्णी आहे, आमच्या तळ्याच्या उरावर बसलीय. रविवारी ये, तिच्याच गॅसवर भाजलेली भाकरी वाढते. आयत्या भाकरीला मी नाही म्हणत नाही. नवऱ्याला गाडी काढायला लावली.

ठाण्यातल्या कोपरीहून वंदनाकडे, खडवलीला, जायला कसारा लोकल सगळ्यात सोपी. फक्त वेळापत्रक बघून निघा, एक चुकली की बाकड्यावर बसून राहावं लागतं. आम्ही अतिशहाणे, रस्त्याने गेलो आणि माणकोलीला ट्रकांच्या मागे अडकलो. पडघ्याला हायवे सोडला तेव्हा कुठे भातखाचरं दिसली आणि माझी कटकट थांबली. नाक्यावर गरम वडे मिळतात, स्वस्त आणि झणझणीत. नवऱ्याने तीन खाल्ले, वर म्हणतो भाकरीला जागा आहे.

वंदना माझी कॉलेजातली मैत्रीण, लग्न होऊन खडवलीजवळच्या या गावात आली. वर्षभर ती आणि बचतगटातल्या बायका तळ्यातून जलपर्णी ओढून काढतायत. मुळं छाटायची, उरलेलं कडबाकुट्टीतून बारीक करायचं, शेणात कालवायचं आणि अंगणातल्या बंद टाकीत सोडायचं. आत हवा नसते. तिथले जंतू ते सगळं पचवतात आणि गॅस सोडतात. गॅस साठला की टाकीचं वरचं झाकण हळूहळू वर उचललं जातं. उरलेला काला खत म्हणून वांग्यांना जातो. वांगी बघून मला हेवा वाटला, खरं सांगते.

पण अंगणात वेगळंच शिजत होतं. पुढच्या महिन्यात वंदनाच्या दिराची हळद. या आगरी घरांत लग्नापेक्षा हळदीचा थाट मोठा, आणि मांडवाच्या जागेत नेमकी ही टाकी. तिच्या सासूबाईंनी बजावलं होतं, आजच्या पाहुण्यांच्या, म्हणजे आमच्या, भाकऱ्या या गॅसवर झाल्या तर टाकी राहील, नाहीतर निघेल. वंदना मला बाजूला घेऊन म्हणाली, "टाकी गेली ना, तर बायका जलपर्णी काढायच्या बंद होतील. तळं परत बुजेल गं."

सासूबाईंनी तांदळाचं पीठ मळलं, शेगडी पेटवली. निळी ज्योत. पहिली भाकरी टम्म फुगली आणि वंदनाने माझा हात इतका घट्ट दाबला की मी कळवळले. दुसरी तव्यावर पडली आणि ज्योत बसायला लागली. बघता बघता विझली. झाकण पार खाली टेकलेलं.

वंदनाचा चेहरा उतरला. तीन-चार दिवस गॅस कमीच येतोय, घास तर रोज घालतेय, काय बिघडलं कळत नाही, असं ती पुटपुटत होती. सासूबाई उलट फणकारल्या की त्यांनी तर टाकीची केवढी निगा राखली होती. ठाण्याचे पाहुणे येणार, अंगणात वास नको, म्हणून चार दिवस रोज टाकीच्या तोंडात फिनेल ओतलं होतं.

मग वंदनाने शांतपणे समजावलं की गॅस करणारे जंतू जिवंत असतात, फिनेलने ते मरतात.

सासूबाई पिठाच्या हातांनी तशाच बसून राहिल्या. "म्हंजे मीनंच इख पाजला का गो त्यांना?"

मला भयंकर ओशाळं वाटलं. ते फिनेल आमच्यासाठीच होतं. बाकीच्या भाकऱ्या सिलिंडरवर झाल्या. सोबत सुकटीची चटणी आणि तीच वांगी. जेवण अप्रतिम होतं. निघताना पाहिलं तर सासूबाई टाकीपाशी उभ्या राहून वंदनाला विचारत होत्या, आता हिला काय घालायचं.

येताना टिटवाळ्यावरून कल्याणमार्गे आलो. उल्हास नदीच्या पुलावरून पाण्यावर तोच हिरवा गालिचा दिसला. यावेळी फोटो काढला नाही.

घरी आल्यावर माझ्या मनात राहिली ती विझलेली ज्योत. जाऊन आले ते पाहुणी म्हणून आणि मोडून आले तिचं वर्षभराचं काम, असंच वाटत राहिलं. वंदनाला फोन करायलाही धीर होत नव्हता.

शेवटी परवा तिचाच आला. टाकीतला बराच काला उपसून टाकला, शेजारच्या गावातून चालत्या गोबर गॅसचा, जिवंत जंतूंचा काला आणून भरला, आणि रोज सकाळी ताजं शेण सासूबाई स्वतः घालतात. झाकण वर आलं. मांडव टाकी सोडून बांधायचा ठरलाय. आदल्या दिवशी सासूबाईंनी त्या गॅसवर पहिली भाकरी भाजली. सगळे ताट घेऊन बसलेले, तर त्या उठून अंगणात गेल्या आणि भाकरी कुस्करून टाकीच्या तोंडात सोडली.

"आदी हिला," म्हणाल्या. "मंग आपन."