राजाची डावी मूठ

पडदेकाकांना कुणावर विश्वास ठेवायची सवय नव्हती, आणि ती लावून घ्यायची इच्छा तर मुळीच नव्हती. चहावाल्याने कप काठोकाठ भरून दिला की हे विचारणार, "आज एवढा का भरलास?" शेजारी दोन शब्द गोड बोलला की घरी येऊन सांगणार, "याला काहीतरी हवंय." बायको म्हणायची, "तीस वर्षं झाली लग्नाला. मी तुम्हाला होकार का दिला, याचा तरी तपास लागला का?" काका गंभीरपणे म्हणायचे, "नाही लागला अजून."

पण दोराशी बसले की हा माणूस वेगळाच. एकाच नाट्यगृहाचा पडदा त्यांनी बत्तीस वर्षं वर घेतला आणि खाली सोडला. विंगेत एक स्टूल, हाताशी दोर, आणि कान रंगमंचाकडे. नाटकातलं शेवटचं वाक्य संपलं की मनात दोन आकडे मोजायचे आणि दोर सोडायचा. कधी घाई नाही, कधी उशीर नाही. आयुष्यात मिरवण्यासारखी ही एकच गोष्ट होती त्यांच्याकडे, आणि ती ते भेटेल त्याच्यापाशी मिरवायचे.

अशात ती नवी नाटकमंडळी आली. त्यांच्या दिग्दर्शक बाई जुन्या शोकांतिका घ्यायच्या, त्यातलं बोलणं सगळं काढून टाकायच्या आणि उरलेलं नुसत्या अंगाने करून दाखवायच्या. नट धावतात, जमिनीवर आपटतात, एकमेकांच्या खांद्यावर चढतात, आणि तोंडातून ब्र काढत नाहीत. लोक तिकीट काढून हे बघायला येतात! काकांना पहिल्याच दिवशी शंका आली. "बोलायला काय होतं यांना?" ते बायकोला म्हणाले. "काहीतरी पाणी मुरतंय."

नाटक असं होतं. दरबारी लोकांचं ऐकून राजा राणीवर संशय घेतो. राणी जीव देते. मग राजाला खरं कळतं. तो तिला दोन्ही हातांवर, डोक्याच्या वर उचलतो, तशीच धरून सात पायऱ्या चढतो, वरच्या चौथऱ्यावर तिला ठेवतो, तिच्या बोटातली अंगठी काढून डाव्या मुठीत घेतो आणि तिच्याशेजारी कोसळतो. त्याचा डावा हात काठावरून खाली लोंबतो. मूठ हळूहळू उघडते, राणीची अंगठी फळ्यांवर पडते, टिंग. अंगठी पडली की पडदा. आता वाक्यच नाही म्हटल्यावर काकांना खूण तेवढीच.

पहिले वीस-पंचवीस प्रयोग सुरळीत गेले. मग अंगठीला उशीर व्हायला लागला. आधी जेमतेम एक श्वासभर, मग पाच-सहा श्वास. काका दोर धरून ताटकळायचे, मूठ काही उघडायची नाही, प्रेक्षकांत खोकले सुरू व्हायचे.

"काका, पडदा उशिरा पडतोय," बाई म्हणाल्या.

"बाई, अंगठीच उशिरा पडते."

"मी मागच्या रांगेत बसते. मला अंगठी दिसत नाही. मला पडदा दिसतो."

नाट्यगृहाच्या मॅनेजरला तेवढंच पुरलं. त्याच्या टेबलावर पडद्याच्या मोटरचं माहितीपत्रक कधीचं येऊन पडलं होतं. एक बटण दाबलं की काम झालं. "आणखी एकदा तक्रार आली तर मोटर बसवतो," तो म्हणाला. काका अठ्ठावन्न वर्षांचे होते. पडदा ओढण्याखेरीज दुसरं काही त्यांना येत नव्हतं. दोर गेला तर ते कोण, हे त्यांना स्वतःलाच सांगता आलं नसतं.

आता हा राजा करणारा नट मुद्दाम करतोय, याबद्दल काकांच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. एकदा तो मॅनेजरबरोबर चहा पिताना दिसला होता. झालं की! संगनमत आहे. शिवाय काका त्याच्या डाव्या हाताकडे बघायला लागले की तो हात खिशात घालायचा. "मनात पाप नसेल तर हात लपवायचं कारण काय?" काकांनी दिवेवाल्याला विचारलं, रंगपटात नटांचे चेहरे रंगवणारीला विचारलं, तिकीट खिडकीवरच्या पोरीला विचारलं. महिनाभर हा एकच विषय. सगळ्यांनी ऐकलं, मान डोलावली आणि पाठ वळताच हसून घेतलं.

एका रविवारी दुपारच्या प्रयोगाआधी काका रंगपटाकडे निघाले. आज याला रंगेहाथ पकडायचाच. दार किलकिलं होतं. आत राजा एकटाच आरशासमोर बसला होता. अंगरख्याच्या गुंड्या एका हाताने लावत होता. डावा हात मांडीवर, मूठ आवळलेली. एक गुंडी लागेना तेव्हा त्याने अंगरख्याचा काठ दातात धरला. मग उजव्या हाताने तो डाव्या मुठीचं एकेक बोट सोडवायला लागला. सोडवलेलं बोट पुन्हा मिटायचं.

'नाटक करतोय,' काकांना वाटलं. 'मी बघतोय हे कळलंय त्याला.' पण बत्तीस वर्षं नटांचे चेहरे बाजूने बघितलेला माणूस होता तो. ह्या चेहऱ्यावर बघणाऱ्यासाठी काहीच नव्हतं. राजाने आपल्याच हाताला एक घाणेरडी शिवी दिली आणि कपाळ टेबलाला टेकवलं.

तासाभराने हाच हात राणीला सात पायऱ्या वर नेणार होता.

ते सरळ आत घुसले. "हात दाखव."

राजा ताडकन उठला. "काका, बाहेर व्हा! महिनाभर पाळत ठेवून आहात माझ्यावर. कुणी लावलंय तुम्हाला मागे? बाईंनी? भूमिका काढून घ्यायचीय ना माझी?"

"अरे, ती पोरगी पडेल."

"एक शब्द बाहेर गेला तर याद राखा."

काका धावतपळत बाईंकडे गेले. बाई दिवेवाल्याशी बोलत होत्या. काकांनी एका दमात सगळं सांगितलं.

"म्हणजे कालपर्यंत तो मुद्दाम करत होता आणि आज आजारी पडला?" बाई थंडपणे म्हणाल्या. "उद्या काय सांगणार आहात?" दिवेवाला खाली बघून हसला. काकांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच तोंडाचा राग आला.

राणी करणारी मुलगी कोपऱ्यात अंग मोकळं करत होती. काकांनी तिलाही गाठलं. ती हसली. "मला नाही तो पाडायचा, काका. आमचा विश्वास आहे एकमेकांवर." तो शब्द ऐकून काकांच्या अंगावर काटाच आला.

प्रयोग सुरू झाला. काका स्टुलावर बसलेच नाहीत. दोर मुठीत धरून उभे राहिले. राजाने संशय घेतला, राणी गेली, राजाला खरं कळलं. प्रेक्षागृहात कुणी हलेना. राजा गुडघ्यावर बसला, त्याने राणीच्या पाठीखाली दोन्ही हात घातले. उजवा पंजा पसरलेला होता. डाव्याची मूठच होती.

काकांनी दोर सोडला.

पडदा धाडकन खाली आला. बाहेर आधी शांतता, मग कुजबुज, मग गोंधळ. बत्तीस वर्षांत भर नाटकात पडदा पडला नव्हता. बाई मागच्या रांगेतून धावत आल्या. "तुम्हाला अक्कल आहे का? आत्ताच्या आत्ता चालते व्हा इथून!" मागोमाग मॅनेजर आला. "उद्याच मोटर बसते," तो म्हणाला.

बोलून उपयोग काय? त्यांचं कोण खरं मानणार होतं? ते फक्त राजाकडे बघत राहिले. राजा अजून तसाच गुडघ्यावर होता. आता तो गप्प राहिला असता तर काकांची नोकरी गेली असती आणि त्याची भूमिका राहिली असती. काकांच्या हिशोबाने कुठलाही शहाणा माणूस गप्पच राहिला असता.

"पडदा बरोबर वेळेवर पडला," राजा म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले. त्याने राणीच्या पाठीखालून डावा हात काढून पुढे धरला. "दोन महिने झाले. उघड म्हटलं की उघडत नाही." मग तो राणीकडे वळला आणि रडायलाच लागला. "मला सांगायला हवं होतं गं."

राजाच्या मानेतला मज्जारज्जू दाबला गेला होता. असंच उचलत राहिला असता तर पायही गेले असते, असं डॉक्टर म्हणाले. शस्त्रक्रिया झाली. मोटरचा विषय मॅनेजरने पुन्हा काढला नाही. घरी बायकोने विचारलं, "आता तरी माणसांवर विश्वास बसला का?" काका म्हणाले, "पण तो खरं का बोलला असेल?"

तीन महिन्यांनी नवा राजा घेऊन नाटक पुन्हा उभं राहिलं. जुना राजा पहिल्या प्रयोगाला आला. मानेला पट्टा होता. पुढच्या रांगेची खुर्ची सोडून तो विंगेत आला. काकांनी आपलं स्टूल त्याला दिलं, आणि का दिलं ते स्वतःला विचारलंसुद्धा नाही.

शेवट आला. नवा राजा कोसळला, त्याचा हात चौथऱ्यावरून लोंबला. स्टुलावर बसलेल्या जुन्या राजाने आपली डावी मूठ गुडघ्यावर ठेवली. फळ्यांवर टिंग वाजलं. काकांनी ते ऐकलं. पण त्यांची नजर गुडघ्यावर होती. अंगठा सुटला. पहिलं बोट, दुसरं. तिसरं थरथरत अडकलं. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं, मग आणखी कुणी. तिसरं सुटलं. करंगळी हटून बसली होती. जुन्या राजाच्या कपाळावर घाम आला, काकांच्याही. मग करंगळीही सरळ झाली आणि पंजा गुडघ्यावर पूर्ण पसरला.

तेव्हा काकांनी दोर सोडला.

बाई तरातरा आत आल्या. "काका! अंगठी अगदी वेळेवर पडली होती!"

"हो, बाई," काका म्हणाले. "आज चूक माझी आहे."