थोरलीची टोपी

जळोचीत थंडी पडली की आमच्या गल्लीतली सगळी डोकी सारखी दिसतात, कारण प्रत्येकावर कौसल्याची कानटोपी असते. मफलर, मोजे, म्हणाल ते ती विणते. भाजी शिजेपर्यंत हात रिकामा नको म्हणून गॅसपाशीही तिचा क्रोशा चालू. मी तिची शेजारीण रतन. माझं तोंड चालतं आणि तिचे हात, म्हणून आमचं जमतं.

पण या बाईनं स्वतःच्या सुनेच्या, तेजश्रीच्या, दुसऱ्या बाळासाठी मात्र एक टाका घातला नव्हता. तेजश्रीच्या पहिल्या खेपेला तिनं हौसेनं आधीच हळदी रंगाची टोपी विणून ठेवली होती. बाळ जन्मायच्या आधी त्याचं काही करू नये, असं आमच्याकडे म्हणतात. मुलगी झाली आणि दुसरा दिवस काही तिनं पाहिला नाही. लगेच बायका कुजबुजल्या, आधीच विणलं ना, मग काय होणार. असल्या बायकांच्या जिभेला हाड नसतं. कौसल्यानं मात्र ते काळजात घालून घेतलं. त्या पोरीचा विषय घरात पुन्हा कुणी काढला नाही.

यंदा डिसेंबरात तेजश्रीला दिवस भरायच्या खूप आधीच कळा आल्या. बारामतीच्या दवाखान्यात मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसून राहिलो. दार उघडलं की कौसल्या माझा हात आवळायची आणि बंद झालं की सोडायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्स बाहेर आली. बाळाला आता आईच्या छातीशी ठेवायचं होतं, अंगाला अंग लावून. पण एवढ्याशा डोक्यातूनच सगळी ऊब निघून जाते, म्हणून टोपी हवी होती. ऋषिराजनं, म्हणजे कौसल्याच्या मुलानं, दुकानातून आणलेली टोपी बाळाच्या नाकापर्यंत उतरली. दवाखान्यातलीही ढिलीच पडली. नर्सनं मापासाठी बँडेजची पट्टी बाळाच्या डोक्याभोवती फिरवून गाठ मारली आणि ते कडं बाहेर आणून कौसल्यापुढे धरलं. विणणारी सासू घरात असताना दुकानं कशाला हिंडता, म्हणाली; माझ्या तोंडून तिला कळलंच होतं.

कौसल्यानं हात मागे घेतले. "माझ्या हातचं नगं. माझा हात चांगला न्हाय."

मला असा संताप आला! आत पोरगी गार पडत असेल आणि ही इथं हाताची कुंडली मांडून बसलीय. मी म्हटलं, अख्खी गल्ली तुझ्या टोप्या घालून धडधाकट हिंडतेय, ती काय भुतं आहेत का? ती नुसती त्या पट्टीकडे बघत राहिली. तिची भीती खरी होती, आणि खऱ्या भीतीपुढे माझं तोंड काय कामाचं?

शेवटी नर्स आम्हाला तेजश्रीच्या खाटेपाशी घेऊन गेली. पोरीचा चेहरा पार उतरला होता. तिनं सासूकडे पाहिलं आणि अगदी हळू बोलली.

"आई, घरी लोखंडी पेटीत तळाला हाय ती टोपी. मला म्हाइत हाय. तुमी शेतावर गेल्या की मी काढून बघायची."

कौसल्या खाली बसली. त्या टोपीचं नाव घेऊ नको, अपशकुन होईल, असं काहीतरी पुटपुटली.

"नव्या जीवाला पैलं जुनंच घालत्यात, तुमीच सांगता सगळ्यांना," तेजश्री म्हणाली. "थोरलीचं धाकटीला येतंच की. हिला बहीण हुती, आई."

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, सांगायला लाज कसली. कौसल्यानंच ऋषिराजला घरी पाठवलं आणि तो मोटारसायकलवरून टोपी घेऊन आला. टोपी बाळाला मोठीच होणार होती. कौसल्यानं शेवटचा टाका शोधला आणि दोरा ओढला. एकेक ओळ निघत गेली तशी ती ओठ दाबून रडत होती. उसवलेली लोकर कुरळी झाली होती. नर्सच्या सांगण्यावरून ती उकळत्या पाण्यातून काढून कठड्यावर उन्हात टाकली. वाळेपर्यंत आम्ही तिघंही तिच्याकडेच बघत बसलो.

मग क्रोशा चालू झाला. डोळे मिटून विणणारी बाई, पण टाके चुकले, पुन्हा उसवले. आतून नर्स येऊन, झाली का, विचारून गेली. कौसल्यानं मान वर केली नाही. घेर पट्टीच्या कड्याशी जुळला, तेव्हा कुठे तिनं दोरा तोडला.

टोपी आत गेली. दाराच्या काचेतून दिसलं, तेजश्रीच्या छातीवर एक हळदी ठिपका. बऱ्याच वेळानं नर्सनं येऊन सांगितलं, बाळाचं अंग आता उबदार लागतंय, आई सोडायला तयार नाही. डॉक्टर म्हणाले, अजून दिवस काढायचेत, पण आजचा दिवस बरा गेला.

मी घरी निघायचं बघत होते. कौसल्या बाकावरच होती, उरलेला हळदी लोकरीचा गुंडा मांडीवर घेऊन. क्रोशा पुन्हा चालू झाला होता. मोजा होता, पण आतल्या त्या पावलाला कितीतरी मोठा. माप चुकलं का, मी विचारलं.

"न्हाय चुकलं," ती म्हणाली. "म्होरल्या थंडीला लागंल तिला."