माझ्या मुलीची जोडीदार
अंगणात लाल मिरची वाळत घातली की तिच्या ठसक्याबरोबर मला मुलीचा तो वर्ग आठवतो. मिरच्या खुडायचं काम टाकून मी शाळेत गेले होते. हात पदराखाली लपवले, तरी वास येतच होता. मुलगी इंग्रजीच्या तासाला तोंडच उघडत नाही, असा बाईंचा निरोप होता, आणि ‘अशीच मुकी राहिली तर शाळा बंद,’ असं तिच्या वडिलांनी बजावलं होतं. माझाच भिडस्त स्वभाव तिच्यात उतरला होता. बाई मुलांना जोडीजोडीने बोलायला लावत. त्यांनी मला तिच्याच बाकावर बसवलं. “आज हिची जोडीदार तुम्ही. ती विचारेल, तुम्ही आपल्या बोलीत सांगा, ती सगळ्यांना इंग्रजीत सांगेल.” मागे कोणीतरी फिसकन हसलं. मुलगी इंग्रजीत काहीतरी पुटपुटली, मग माझ्या कानाशी लागली, “माय, तुले काय आवडस?” हे मला कधी कोणी विचारलंच नव्हतं. “सांगी दे काहीबी,” मी म्हटलं. “काहीबी नही, खरं सांग! बठ्ठा ऐकी राह्यनात.” खरंच, सगळा वर्ग कान देऊन होता. “माहेरना झोका, आखाजीले,” मी कसंबसं बोलले. आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी येऊन झोके घ्यायचा सण. ती उठली, माझा हात घट्ट धरला आणि मोठ्याने एक अख्खं वाक्य बोलली. बाईंनी लगेच पुढचं विचारलं, तिने तेही सांगितलं. मला त्यातलं अक्षर कळलं नाही. आता ती जळगावला कॉलेजात आहे. सुट्टीत घरी आली की फोनवर भराभर इंग्रजी बोलते, आणि मधेच जरा थांबली की दाराआड माझ्या हातातलं काम थांबतं, पुन्हा मुकी तर नाही ना झाली?