सोमवारचा फोन

आमच्या सेवाभावी संस्थांच्या संघाचा कारकून, एकीकडे माणूस कमी पडला तर दुसरीकडून पाठवता यावा म्हणून, दर सोमवारी प्रत्येक संस्थेला फोन करतो आणि नमस्काराआधीच विचारतो, “भाऊ, कोन कमी शे?”

गेल्या वर्षी तोरणमाळच्या वसतिगृहाची स्वयंपाकीण आजारी पडली. आमच्या वृद्धाश्रमात दोघी स्वयंपाकिणी होत्या, तरी एकीला तिकडे पाठवायला मी “जमणार नाही” म्हणालो. या पावसाळ्यात आमच्या दोघीही तापाने पडल्या. सोमवारी ओशाळत मी कारकुनाला खरं सांगितलं. दुसऱ्या सकाळी तो तोरणमाळच्याच स्वयंपाकीणबाईंना घेऊन दारात उभा.

“यांनाच मी नाही म्हटलं होतं,” मी कुजबुजलो.

“त्यासले माहित शे,” चष्मा कपाळावर सरकवत तो म्हणाला. “आते चूल दखाडा. आज्या भुक्या शेतस.”

आज तोरणमाळला कोण रांधतंय, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.