बंद हेल्मेट आणि घोटीचा रस्ता

आमच्या सासरी सून मोठ्या माणसांसमोर नवऱ्याशी बोलत नसे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सासूबाई तशाच वागत, म्हणून मीही वागू लागले. सातपूरला आमच्या दोन खोल्या होत्या आणि घरात सासू-सासरे, दीर, नणंद. समोर कोणीच नाही अशी वेळ यायचीच नाही. भाजीत मीठ बरोबर आहे का, एवढं विचारायचं तरी मी आमच्या मुलीला म्हणायची, "बाबांना विचार गं." मुलगी तेव्हा पाळण्यात होती. तेही पाळण्याकडे बघत उत्तर द्यायचे, "आईला सांग, बरोबर आहे." नणंद तोंडाला पदर लावून हसायची.

मग त्यांनी एका मित्राकडून जुनी मोटरसायकल घेतली, आणि त्याच सुमाराला माझी आई घोटीला आजारी पडली. रविवारी मुलीला सासूबाईंकडे ठेवून आम्ही घोटीला जाऊ लागलो. मी मागे एका बाजूला पाय सोडून बसायची. एक हात त्यांच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात आईसाठी डबा. पाथर्डी फाटा मागे पडेपर्यंत मी गप्प असायची, कारण तिथपर्यंत ओळखीची माणसं भेटत. पुढे मुंबईचा रस्ता लागला की माझं तोंड सुटायचं.

काय बोलायची ते आता सगळं आठवत नाही. आठवडाभराचं साठलेलं असायचं. सासूबाई काय म्हणाल्या, मुलीला कुठला दात येतोय, मला रात्री कसलं स्वप्न पडलं. काही नसेल तर वाटेतल्या पाट्या त्यांच्या कानाशी वाचून दाखवायची. मी चौथीपर्यंत शिकलेली, पण पाटी दिसली की वाचल्याशिवाय राहवत नसे. "पंक्चर काढून मिळेल. रसवंती. वाडीवऱ्हे." ते फारसं बोलायचे नाहीत. हसले की त्यांची पाठ हलायची, ती माझ्या हाताला कळायची. मला तेवढं पुरे होतं.

ते कारखान्यात फिटर होते. एके दिवशी गेटवर सांगितलं, यापुढे हेल्मेट नसेल तर मोटरसायकल आत घेणार नाही. म्हणून त्या रविवारी घोटीला जायच्या आधी आम्ही एमजी रोडला एका दुकानात गेलो. बघतो तर सासरे सिटी बसने आमच्या आधीच येऊन दुकानाच्या पायरीवर बसलेले. त्यांना मी मामा म्हणायची. काही दिवसांपूर्वी त्यांनी द्वारका चौकाजवळ मोटरसायकलवरून पडलेला एक माणूस पाहिला होता. काय पाहिलं ते घरी सांगितलं नाही, पण त्या दिवशी जेवले नव्हते.

दुकानदाराने काउंटरवर तीन हेल्मेटं मांडली. "काका, ही टोपी. फक्त टाळू झाकते. हे मधलं, यात कान झाकले जातात, तोंड मोकळं राहतं. आणि हे पूर्ण बंद. नवीन आलंय. हे घातलं की सासरवाडीची माणसंसुद्धा ओळखणार नाहीत."

"त्याची सासरवाडी मागेच बसलेली असते," मामा म्हणाले. "तिच्यापासून लपून जातो कुठे?"

दुकानदार हसला. मी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला.

यांना मधलं आवडलं होतं. आरशात इकडून तिकडून बघून झालं, केस नीट करून झाले. मामांनी बाजारात माठ घेताना वाजवतात तसं एकेक हेल्मेट बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. मी फक्त कान बघत होते. टोपीत कान उघडे राहत होते. बाकी दोन्हीत जाड स्पंज होता.

आणि मग यांनी एकदम मागे वळून मला विचारलं, "तुला कुठलं बरं वाटतं?"

मामांच्या समोर, परक्या दुकानदाराच्या समोर, सरळ मला. मध्ये ना मुलगी ना पाळणा. माझे कान तापले. यांना उत्तर देणं मला जमेना, म्हणून मी टोपीकडे बोट दाखवून दुकानदाराला म्हटलं, "ती बरी आहे."

"ती?" मामा म्हणाले. "अगं, ते तर वरणाचं पातेलं दिसतंय."

"हलकी आहे," मी म्हटलं.

"हलकीच आहे. पडल्यावर तीही फुटेल आणि आतलंही." त्यांनी बंद हेल्मेट उचलून यांच्या डोक्यावर स्वतः बसवलं, हनुवटीखालचा पट्टा लावला आणि लहान मुलाची टोपी नीट करावी तसं दोन्ही हातांनी ते हलवून पाहिलं. "हेच घ्यायचं," म्हणाले. त्यांचा आवाज ऐकून दुकानदाराने बाकीची दोन उचलून ठेवली. मलाही नको म्हणता आलं नसतं. यांच्या डोक्याला काही व्हावं असं मला थोडंच वाटत होतं!

पाथर्डी फाट्यानंतर मी नेहमीसारखी बोलू लागले. हेल्मेट हललं, मला वाटलं मान डोलावली. मी आणखी बोलले. मग मुद्दाम म्हटलं, "मला उतरवून एकटेच जा घोटीला." हेल्मेट पुन्हा तसंच हललं. रस्ता खराब होता, एवढंच. पाठ मात्र हलली नाही. मी तोंड मिटून घेतलं आणि पुढच्या पाट्या मनातच वाचल्या.

असे काही रविवार गेले. मग एकदा वाडीवऱ्ह्याच्या पुढे, भाताच्या खाचरांजवळ, त्यांनी एका मोरीपाशी गाडी थांबवली. इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं. केस घामाने चपटे झाले होते.

"हं, बोल."

"काय?"

"नेहमी बोलायचीस ते. मला मागचं काहीच ऐकू येत नाही. गाडी चालवायचा कंटाळा यायला लागलाय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण एक शब्द फुटेना. मी पाठीशी बोलायला शिकले होते, तोंडाशी नाही. तेव्हा ते मोरीच्या कठड्यावर माझ्याकडे पाठ करून बसले. हेल्मेट मांडीवर घेतलं आणि म्हणाले, "मी खाचरं बघतो. तुझं चालू दे."

मग मी बोलले. एक ट्रक भोंगा वाजवत गेला, आतला माणूस काहीतरी ओरडला, तरी मी थांबले नाही. त्यांची पाठ हलली तेव्हा मला कळलं की ऐकताहेत.

आईचं दुखणं होतं तोवर मोरीवरचं बसणं चाललं. आई गेली, भाऊ मनमाडला राहायला गेला, घोटीचं घर बंद झालं. पुढे आम्हीही वेगळी खोली घेतली. आता घरात लाजावं असं कोणी नाही. हवं ते, हवं तेव्हा बोलता येतं. आम्ही बोलतोही. रॉकेल संपलं, मुलीच्या शाळेत बोलावलंय, पहिली पाळी की दुसरी. एवढ्यात संपतं.

गेल्या रविवारी ते चहा घेत बसले होते. मी मनाचा हिय्या करून म्हटलं, "घोटीला जाऊन यायचं का?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "घोटीला? तिथे आता कोण आहे आपलं?"

मला कोणाला भेटायचं नव्हतं. मला नुसतं त्या रस्त्याने जायचं होतं, पाथर्डी फाट्याच्या पुढे. पण ते समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि मला ते सांगता येईना.

"कोणी नाही," मी म्हटलं. "सहज आपलं विचारलं."